वीतभर क्वार्टरबॅक, हातभर कोच

अभिनंदन. एनएफएलमधला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला, एक संघ आता तुमच्या मालकीचा झाला आहे. २०२३ मध्ये वॉशिंग्टनचा संघ ६०५ कोटी डॉलरला विकला गेला. तुम्हीही त्याच आसपास मोजले असतील, आणि एवढे पैसे मोजणाऱ्याला फुटबॉल कळतो का, असं विचारायची कुणाची छाती होणार नाही. आता फक्त दोन माणसं निवडायची आहेत, चेंडू फेकून आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक आणि हेड कोच. उरलेले बावन्न खेळाडू, मालिशवाला आणि पार्किंगचा ठेकेदार हे या दोघांच्या नशिबाने तरतील किंवा बुडतील.

निवडीला बसण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. निवड बरोबर यावी यासाठी ही खटपट नसते. निवड फसली की ‘तेव्हा सगळ्यांचंच तसं मत होतं’ असं म्हणता यावं, यासाठी असते. त्याला आकडे लागतात, आणि आकडे इंडियानापोलिसला मिळतात.

तिथे दरवर्षी फेब्रुवारी सरता सरता ‘कंबाइन’ भरतो. कॉलेज संपवून आलेल्या पोरांना अर्ध्या चड्डीवर मंचावर उभं करतात, वजन घेतात, उंची घेतात आणि पंजा पसरायला लावतात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात. आपल्या आज्या फूल विकत घेताना गजरा जसा मोजायच्या, तशीच ही वीत. नऊ इंच म्हणजे काठावर पास, त्याखाली आलात तर चर्चा. २०१६ मध्ये जॅरेड गॉफची वीत बरोबर नऊ भरली आणि ओल्या चेंडूचं काय होणार यावर तज्ज्ञांची झोप उडाली. २०२० मध्ये जो बरोचीही नऊच भरली. त्याने आता निवृत्तीचाच विचार करतो अशी थट्टा केली, ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि दुसऱ्याच मोसमात संघाला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. केनी पिकेटची साडेआठ होती. तो पहिल्या फेरीत गेला खरा, पण ज्या संघाने घेतला त्यांनी दोन मोसमांत त्याला दुसरीकडे पाठवला. तेव्हा वितीवरून काहीच ठरत नाही, असं वाटण्याचा मोह होईल. आवरा. मोजता येतं ते सगळं महत्त्वाचं, ही कंबाइनची पहिली अट आहे.

दुसरी मोजणी चाळीस यार्डांच्या धावेची. क्वार्टरबॅक सामन्यात चाळीस यार्ड सरळ रेषेत धावायला लागला, तर बहुधा काहीतरी बिघडलेलं असतं. त्याचं खरं पायकाम पाच-सात पावलं मागे जाणं आणि समोरचा दीडशे किलोचा गडी अंगावर येताना अर्धं पाऊल सरकून पुन्हा फेकण्याच्या पवित्र्यात येणं, एवढंच. पण अर्ध्या पावलाला स्टॉपवॉच लावता येत नाही, म्हणून ते सोडून द्या. टॉम ब्रेडीने हे चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत काढले होते. २००० च्या ड्राफ्टमध्ये तो १९९ वा गेला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते. स्टॉपवॉच मात्र चोख होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

मग बुद्धी. पूर्वी बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक चाचणी असे. २०२२ पासून कंबाइनमधून ती गेली आणि संघांनी संगणकावरच्या चाचण्या जवळ केल्या. या निकालांचा खरा उपयोग ते ऐन वेळी फुटण्यात आहे. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडला अशा एका चाचणीत शंभरात अठरा मिळाल्याची बातमी ड्राफ्टच्या तोंडावर पसरली. ह्यूस्टनने तरीही त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि आक्रमणातला सर्वोत्तम नवखा खेळाडू त्या वर्षी तोच ठरला. ह्यूस्टनवाले बहुधा बातम्या वाचत नसावेत.

यानंतर ‘प्रो डे’ला जरूर जा. स्वतःच्या विमानाने जा, कॅमेऱ्यात दिसाल असे उभे राहा. प्रो डे म्हणजे त्या मुलाच्या कॉलेजात, त्याच्याच सवयीच्या झेलकऱ्यांना, त्याच्याच प्रशिक्षकाने आधी लिहून ठेवलेल्या क्रमाने साठेक फेकी. समोर बचावफळी नाही, अंगावर येणारं कुणी नाही. फारच वास्तव आणायचं असेल तर एखादा माणूस झाडू उंच धरून त्याच्यापुढे नाचवतो. २०१४ मध्ये जॉनी मँझेलने हेल्मेट आणि खांद्याचे पॅड घालून, झाडूंच्या साक्षीने झकास कार्यक्रम केला होता. क्लीव्हलँडने पहिल्या फेरीत घेतला, आठ सामने सुरुवातीपासून खेळवला आणि दोन वर्षांत सोडला. रविवारच्या सामन्यात समोर झाडू नव्हते, हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये झॅक विल्सनने डावीकडे धावता धावता अंगाच्या उलट दिशेने एक लांबलचक फेक केली आणि ती दिवसभर सगळीकडे फिरली. जेट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतला. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना, जे हा संघ घराजवळ आहे म्हणून धरून बसलेत, पुढची फजिती सांगायची गरज नाही.

आता जे चुकूनही करायचं नाही ते. संपूर्ण मैदान दाखवणारं, बावीसही खेळाडू दिसतील असं चित्रण मागवून अंधाऱ्या खोलीत बसू नका. बसलात तर नको ते दिसायला लागेल. आधी स्क्रीन पास (जवळच टाकलेले आखूड पास) आणि पहिल्याच झेलकऱ्याकडे डोळे मिटून टाकलेले पास वगळावे लागतील, कारण तिथे निर्णय कोचचा असतो. हे वगळलं की सत्तर टक्के अचूकतेचा पोरगा पंचावन्नवर येतो आणि तुमची झोप जाते. मग तिसरा डाव (दहा यार्ड पुढे सरकायला चारच डाव मिळतात) आणि सात यार्डांच्या पुढे बाकी, अशाच वेळा काढाव्या लागतील. पहिला झेलकरी बंद झाल्यावर नजर दुसऱ्याकडे जाते की पाय सुटतात, हे मोजावं लागेल. दबाव आल्यावर दर किती वेळा तो सॅक होतो, म्हणजे फेकायच्या आतच पाडला जातो, हेही. हा आकडा कॉलेजातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाताना फारसा बदलत नाही, वाईट असला तर वाईटच राहतो, आणि त्याला राखणाऱ्या पुढच्या फळीवर, म्हणजे लाइनवर, खापर फोडायची सोय जाते. शिवाय मैदानाची भूमिती. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमार्कमध्ये, म्हणजे चेंडू ज्यांच्या आत ठेवून डाव सुरू होतो त्या खुणांच्या रांगांमध्ये, चाळीस फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात चेंडू हॅशवर असला की जवळची बाजूरेषा साठ फुटांवर, इकडे ती सत्तर फूट नऊ इंचांवर. तिकडे आरामात पोचणारा तोच बाजूरेषेकडचा आउट पास इथे पावणेअकरा फूट जास्त हवेत राहतो, आणि तेवढ्यात बचावातला कॉर्नरबॅक तो पळवून उलट दिशेला निघालेला असतो. हे सगळं एका दुपारी कळू शकतं. मग फेब्रुवारी ते एप्रिल करायचं काय?

क्वार्टरबॅक झाला. आता कोच.

इथे घाई करा; चांगला कोच म्हणजे दुसऱ्याने आधी उचललेला कोच. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने जानेवारी २०१७ मध्ये शॉन मॅकव्हे नावाच्या तीस वर्षांच्या मुलाला नेमलं. आदल्या मोसमात लीगमध्ये सर्वांत कमी गुण करणारा हा संघ त्याच वर्षी सर्वांत जास्त गुण करणारा झाला. मग सगळ्या मालकांनी जो निष्कर्ष काढला तोच तुम्हीही काढा: कोच तरुण हवा, दाढी नीट कातरलेली हवी आणि तो मॅकव्हेच्या जवळपास कुठेतरी उभा राहिलेला हवा. २०१९ मध्ये अॅरिझोनाने क्लिफ किंग्सबरी यांना नेमलं. ते टेक्सस टेकमध्ये ३५ सामने जिंकून, ४० हरून, नुकतेच काढले गेले होते. पण ते मॅकव्हेचे मित्र आहेत, ही गोष्ट संघाने आपल्या अधिकृत घोषणेतच घातली. लोक हसले तेव्हा ते वाक्य गुपचूप काढलं. काढायला नको होतं. एवढा प्रामाणिक निकष या धंद्यात पुन्हा कुणी लेखी दिला नाही.

मित्र नसेल तर शिष्य शोधा. बिल बेलिचिक यांनी न्यू इंग्लंडला सहा सुपर बोल जिंकून दिले, तेव्हा त्यांच्या हाताखाली पाणी भरलेल्या प्रत्येकाला ती विद्या आली असणारच. मॅट पॅट्रिशिया डेट्रॉइटला १३ जिंकले, २९ हरले. जो जज यांनी न्यूयॉर्क जायंट्सकडून तिसरा डाव, नऊ यार्ड बाकी असताना क्वार्टरबॅकला चेंडू पोटाशी धरून स्वतःच्याच लाइनमागे घुसायला लावलं. स्वतः बेलिचिक मात्र क्लीव्हलँडमध्ये ३६ जिंकून ४४ हरल्यावर काढले गेले होते, म्हणजे मुलाखतीत तुम्ही त्यांना पहिल्याच फेरीत गाळलं असतं. बिल वॉल्श पहिल्या मोसमात २-१४ (दोन विजय, चौदा पराभव), जिमी जॉन्सन १-१५, चक नोल १-१३. या तिघांच्या मालकांना वेळेवर पत्रकार परिषद घेण्याचं भान नव्हतं. त्यातून नोल यांना चार, वॉल्श यांना तीन आणि जॉन्सन यांना दोन सुपर बोल मिळून गेले.

मुलाखतीला अल्पसंख्याक उमेदवार बोलवावे लागतात, २००३ पासूनचा रूनी नियम आहे. बोलवा, चहापाणी करा, फक्त नोकरी आधीच कुणाला देऊन ठेवली असेल तर तसा निरोप चुकून भलत्याला पाठवू नका. कोच ब्रायन फ्लोरेस यांनी २०२२ मध्ये लीगवर जो दावा ठोकला, त्यात नेमका असाच एक अभिनंदनाचा संदेश आहे. तो दुसऱ्या ब्रायनसाठी होता आणि फ्लोरेस यांची मुलाखत व्हायची होती.

प्रश्न विचाराल ते संस्कृती, नेतृत्व, ऊर्जा यांचे विचारा. घड्याळाचे विचारू नका. ‘एका गुणाने मागे, चौथा डाव, पाच यार्ड बाकी, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ४६ यार्डांवर, तीनही टाइमआउट हातात, काय कराल?’ असा प्रश्न टाकला तर उमेदवार उगाच घामाघूम होतो. डेन्व्हरने २०२२ मध्ये नॅथॅनिएल हॅकेट यांना नेमलं आणि पहिल्याच सामन्यात हा पेपर फुटल्यासारखा समोर आला. त्यांनी घड्याळ वीस सेकंदांपर्यंत वाहू दिलं आणि ६४ यार्डांवरून किक मारायला लावली. १७-१६ हरले. दोन सामन्यांनंतर घड्याळ बघायला वेगळा माणूस आणला, पंधरा सामन्यांनंतर हॅकेटना नारळ दिला. तुमच्या कोऑर्डिनेटरला, म्हणजे आक्रमण किंवा बचाव सांभाळणाऱ्या सहायक कोचला, दुसऱ्याने पळवलं तर प्ले (चाल) कोण सांगणार, हाही असाच अप्रिय प्रश्न. टाळा.

पत्रकार परिषदेला मात्र पूर्ण गुण राखून ठेवा. २०२१ च्या जानेवारीत डॅन कॅम्पबेल यांनी डेट्रॉइटला पहिल्याच दिवशी, आम्ही पडलो तर उठताना समोरच्याच्या गुडघ्याच्या वाटीला चावून उठू, अशा अर्थाचं भाषण केलं. देश हसला. असा माणूस तुम्ही नेमणार नाही, हे उत्तम.

आणि कोच व क्वार्टरबॅक यांचा हिशोब कायम वेगवेगळा ठेवा. एकत्र ठेवलात की गॉफसारखा घोळ होतो. नऊ इंची वितीच्या गॉफसाठी रॅम्सनी ड्राफ्टमध्ये १५ वरून पहिल्या क्रमांकावर उडी मारली. पहिल्या मोसमात तो सात सामने सुरुवातीपासून खेळला, सातही हरला. कोच जेफ फिशर मोसम संपायच्या आत गेले. मॅकव्हे आले, तोच गॉफ, तीच वीत, आणि गुणांचा पाऊस. गुपित हेल्मेटमध्ये होतं. दोन डावांमध्ये चाळीस सेकंद असतात आणि हेल्मेटमधला रेडिओ शेवटचे पंधरा उरले की बंद होतो. रॅम्स लगबगीने लाइनवर येऊन उभे राहत, तोवर मॅकव्हे समोरची बचावफळी वाचून गॉफच्या कानात बोलत राहत. २०१९ च्या फेब्रुवारीत, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला, सुपर बोलमध्ये बेलिचिक यांनी रेडिओ बंद झाल्यावर बचावाची रचना बदलली. रॅम्सचे गुण झाले तीन. मग दोष सगळा गॉफचा ठरला. २०२१ मध्ये त्याच्यासोबत ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचा एक हक्क वर देऊन रॅम्सनी मॅथ्यू स्टॅफर्डला आणलं आणि लगेच सुपर बोल जिंकला. गॉफ कुठे गेला? डेट्रॉइटला, त्या गुडघे चावणाऱ्याकडे. पहिल्या वर्षी तीन विजय. २०२४ च्या जानेवारीत प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, त्याने स्टॅफर्डच्याच रॅम्सना २४-२३ हरवलं, आणि डेट्रॉइटला बत्तीस वर्षांनी प्लेऑफमधला विजय मिळाला. पुढच्या मोसमात १५ विजय, २ पराभव. यात क्वार्टरबॅक चांगला की कोच, हे वेगळं करायला बसलात तर ड्राफ्टची तारीख निघून जाईल.

फसलंच, तर आधी कोचला काढा. कोचचा उरलेला पगार द्यावा लागतो, पण तो खेळाडूंच्या पगारमर्यादेत धरत नाहीत. क्वार्टरबॅक काढणं महाग पडतं. डेन्व्हरने २०२४ मध्ये रसेल विल्सनला सोडलं तेव्हा पगारमर्यादेवर साडेआठ कोटी डॉलरचा भार दोन वर्षांत विभागून घ्यावा लागला. तेव्हा क्रम असा: कोच, मग क्वार्टरबॅकचा कोच, मग जनरल मॅनेजर, शेवटी क्वार्टरबॅक. मालकाचा क्रमांक येत नाही.

डेट्रॉइटचे दोन्ही कोऑर्डिनेटर २०२५ च्या जानेवारीत हेड कोच म्हणून उचलले गेले, बेन जॉन्सन शिकागोला आणि एरन ग्लेन जेट्सकडे. तुम्हाला उशीर झाला आहे. पण दोघांच्या मित्रांची यादी अजून कुणी मागवलेली दिसत नाही.