जपणं वेगळं, उघडं मांडणं वेगळं

नमस्कार.

प्राचीन इजिप्तमधल्या ममींचे उघडे देह संग्रहालयांनी काचेच्या पेटीत मांडू नयेत, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की हा निव्वळ भाबडेपणा आहे. संग्रहालयात गेल्या म्हणून ममी वाचल्या, नाहीतर चोरांनी संपवल्या असत्या. शिवाय ज्यांना अमर व्हायचं होतं त्यांना आज लाखो लोक पाहतात, मग बिघडलं कुठे?

चोरांचं म्हणाल तर अगदी मान्य. नवव्या रामसेस राजाच्या काळातल्या, म्हणजे सुमारे ३१०० वर्षांपूर्वीच्या एका पाथरवटाचा कबुलीजबाब पपायरसवर, म्हणजे तिथल्या लव्हाळ्याच्या कागदावर, आजही वाचता येतो. त्याने आणि साथीदारांनी राजा-राणीच्या अंगावरचं सोनं ओरबाडलं आणि शवपेट्या पेटवून दिल्या. पण पुढे काय झालं तेही बघा ना. थीब्ज या जुन्या राजधानीच्या पुजाऱ्यांनी लुटलेल्या थडग्यांतून राजांचे देह गोळा केले, पुन्हा कापडात गुंडाळले, त्यावर शाईने नावं लिहिली आणि जवळच्या देर अल-बहरीच्या डोंगरात लपवले. मी जपणं म्हणतो ते हे. आधी झाकायचं, मग नाव लिहायचं.

१८८१ मध्ये ते देह कैरोला आणले गेले आणि १ जून १८८६ रोजी दुसऱ्या रामसेस राजाच्या देहावरचं कापड मास्पेरो या फ्रेंच अभ्यासकाने खेदिवासमोर, म्हणजे इजिप्तच्या तेव्हाच्या शासकासमोर, उतरवलं. तुतनखामन या तरुण राजाची कथा तर ऐकवत नाही. १९२५ च्या नोव्हेंबरात पाहिलं तर ओतलेल्या राळेने देह पेटीला घट्ट चिकटलेला. तो सुटेना, म्हणून हातपाय आणि डोकं वेगळं केलं, मुखवटा सोडवायला तापवलेल्या सुऱ्या वापरल्या, आणि शेवटी ते तुकडे वाळूच्या तबकात जुळवून ठेवले. हे चोरांनी नाही केलं, अभ्यासकांनी केलं.

आता ‘लाखो लोक पाहतात’ याबद्दल. आपल्याला कुणी पाहावं, ही त्यांची इच्छा नव्हतीच. त्यांना हवं होतं ते आपलं नाव कुणीतरी उच्चारावं. थडग्यांवरचे लेख येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवतात: आमच्यासाठी हजार भाकरी, हजार घडे बिअर एवढं तोंडाने म्हणा, त्यात तुमचा नुसता श्वास खर्च होईल. चेहरा मात्र कापडाखाली, मुखवट्याखाली, पेटीत बंद. एका संग्रहालयात मी जी बाई पाहिली, तिच्या पायाची बोटं फाटक्या कापडातून बाहेर आली होती, अंगठ्याचं नखसुद्धा शाबूत. आणि पाटीवर काय? ‘ममी, स्त्री’. तिला हवं होतं ते आपण दिलं नाही, आणि नको होतं ते रोज करतोय.

संशोधनाला माझा विरोध नाही. सीटी स्कॅनमध्ये एक धागाही न उसवता हाडं, दात, दुखणी दिसतात. रंगवलेली शवपेटी मांडा, तिच्यावरचं नाव ठळक लिहा, बघायला मी पहिला येईन.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. मी सगळा दोष युरोपच्या माथी मारला होता. इजिप्तचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९८० मध्ये कैरोतलं राजममींचं दालन बंद करवलं हे खरं, पण ते १९९४ मध्ये पुन्हा उघडलं, आणि ३ एप्रिल २०२१ ला २२ राजदेह मिरवणुकीने नव्या संग्रहालयात नेले ते खुद्द इजिप्तनेच. लेखातलं ते वाक्य आज बदललंय. बाकीचं तसंच ठेवतोय.