पेर मेर्टेसाकर स्लो होता, मान्य. तरी आवडतोच!

आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या कुठल्याही फॅनसमोर जुन्या प्लेयर्सचा विषय काढा, हेन्री-बर्गकॅम्प झाले की कोणीतरी पेर मेर्टेसाकर या जर्मन डिफेंडरचं नाव घेतोच आणि मग सगळेच सुरू होतात. नवीन पोरं विचारतात, अरे पण तो स्लो होता ना? होता की. 1.98 मीटरचा तो माणूस वळेपर्यंत समोरचा विंगर चहा पिऊन आला असता.

पण तो आला कधी ते बघा. 2011 च्या ऑगस्टमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडकडून 8-2 असा मार खाल्ला आणि तीनच दिवसांनी ट्रान्सफर विंडो बंद होता होता मॅनेजर वेंगरनी जी घाईघाईत खरेदी केली, त्यात आर्टेटा आला आणि जर्मनीतल्या वेर्डर ब्रेमेन क्लबातून हा. जोडीचा डिफेंडर कॉसिएल्नी पुढे धावून बॉल हिसकवायचा आणि हा मागे शांतपणे नेमक्या जागी उभा असायचा. हायलाइट्समध्ये असलं काही दिसत नाही, पूर्ण मॅच बघणाऱ्यालाच कळतं. आणि मँचेस्टर सिटीकडून 6-3 हरल्यावर टीममधला ओझील फॅन्सना न भेटता निघाला तेव्हा मैदानातच त्याच्यावर ओरडणारा हाच!

माझ्यासाठी मात्र 2017 ची एफए कप फायनल म्हणजे कळस. गुडघ्याच्या दुखापतीमुळे गडी अख्खा सीझन बाहेर, नावाला कॅप्टन, स्टार्ट एकही नाही. शेवटच्या लीग मॅचला कॉसिएल्नीला रेड कार्ड, गॅब्रिएल जखमी, मुस्ताफी पण नाही, म्हणून वेम्बलीवर चेल्सीसमोर थेट हा, बाजूला 21 वर्षांचा होल्डिंग. आता कॉस्टा आणि हझार्ड याला सोलून काढणार असं वाटत होतं, आणि पठ्ठ्यानं एकेक टॅकल असा टायमिंगनं मारला की बास! 2-1 जिंकलो.

2014 च्या वर्ल्ड कपमधला तो इंटरव्ह्यू तर माहीतच असेल. जर्मनीनं अल्जीरियाला एक्स्ट्रा टाइममध्ये कसंबसं हरवलं, रिपोर्टर विचारतो एवढं खराब का खेळलात, आणि हा भडकून म्हणतो की मी आता तीन दिवस बर्फाच्या टबात पडून राहणार. पुढे कप घरी नेला ते वेगळंच.

पण लोक त्याला इतकं जपतात ते मला वाटतं 2018 मुळे. रिटायर व्हायच्या थोडं आधी त्यानं श्पीगल या जर्मन मासिकाला सांगितलं की मॅचच्या आधी उमासे यायचे, डोळ्यात पाणी येईपर्यंत, आणि 2006 ला घरच्या वर्ल्ड कपमध्ये इटलीकडून सेमीफायनल हरलो तेव्हा दुःख होतंच पण सुटलो असंही वाटलं. देशासाठी 104 मॅच खेळलेला माणूस हे उघड बोलतो! त्यावर जर्मनीचा जुना कॅप्टन लोथार मॅटेऊसचं म्हणणं काय, तर असा माणूस लहान पोरांना काय शिकवणार, कारण हा आर्सेनलच्या अकॅडमीचा मॅनेजर होणार होता. मला तेव्हाही राग आलेला, आजही येतो. उलट यालाच पोरांजवळ ठेवा ना! आर्सेनलनं अकॅडमीतल्या न्वानेरीला 15 व्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये उतरवलं, तेव्हा त्या पोराच्या पोटात काय होत असेल हे कळणारा एक तरी माणूस क्लबात नको? आणि मॅटेऊसनं हे बोलावं म्हणजे कमालच, स्वतः जर्मनीसाठी 150 मॅच खेळलाय, त्याच्या ड्रेसिंग रूममध्ये काय कोणाच्याच पोटात गोळा येत नव्हता?