शिबिर उठल्यावर काय?

मोफत आरोग्य तपासणी शिबिरात मी दोन-तीनदा नोंदवहीवर बसलोय. त्यातल्या एक आजी काही केल्या डोळ्यापुढून हलत नाहीत. उन्हातून चालत आल्या, तासभर रांगेत उभ्या राहिल्या, खुर्चीत टेकल्या न टेकल्या तोच दंडाला बीपीचा पट्टा, तोही जाड बाहीवरूनच. वरचा आकडा १६८. मी वहीत लिहिला आणि 'डॉक्टरांना दाखवून घ्या' म्हणून चिठ्ठी हातात दिली. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही कोण?"

बरं, तो १६८ तरी खरा होता का? बीपी घेण्याआधी माणसाला पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं असतं. पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. एवढं करूनही एका आकड्यावर निदान सहसा करत नाहीत, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. बोट टोचून काढलेल्या साखरेचंही तेच, तो नुसता इशारा. आणि शिबिर तर संध्याकाळी उठतं!

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा तपासण्यांचे दहा निकष मांडले. निदानाची आणि उपचारांची सोय हवी, हा त्यातला एक. हे काम एकदाच उरकायचं नाही, कायम चालू ठेवायचं, हा दुसरा. आपण नेमके हेच दोन विसरतो.

माझं मत काहींना आवडणार नाही, पण तपासण्या कमी करा. धडधाकट माणसाच्या जितक्या जास्त तपासण्या, तितके खोटे इशारे जास्त. मग खात्री करायला तालुक्याला नाहीतर शहराला जा, दिवसाची मजुरी बुडवा. त्यापेक्षा बीपी, साखर आणि बायकांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, एवढ्याच करा, पण शेवटपर्यंत न्या. एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या विषाणूच्या चाचणीचा नमुना तर बाईला आडोशाला स्वतःच घेता येतो, त्यामुळे लाजेपायी न येणाऱ्याही येतील. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं उद्दिष्ट आहे की ७० टक्के बायकांची ३५ व्या वर्षापर्यंत आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत ही तपासणी व्हावी. आणि ज्यांच्यात दोष सापडेल त्यांच्यातल्या ९० टक्क्यांना उपचार मिळावेत. या ९० टक्क्यांबद्दल मंडपात कुणी बोलत नाही.

त्या दिवशी आवराआवर चालली असताना मी वहीत एक रकाना वाढवू या म्हटलं, 'औषध सुरू झालं का?' आयोजक म्हणाले, "ते नंतर बघू. आधी सांगा, एकूण किती झाले? बातमी द्यायचीय."