केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल?

‘केमिस्ट्री आवडत असेल तर डोळे झाकून केमिकल इंजिनिअरिंग घ्या’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी हीच पदवी घेतली आहे. पहिल्या वर्षानंतर केमिस्ट्री मागे पडते आणि समोर येतात मटेरियल बॅलन्स (किती माल आत गेला, किती बाहेर आला याचा हिशेब), फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, थर्मोडायनॅमिक्स. म्हणजे मुख्यतः गणित आणि भौतिकशास्त्र. रीसायकल असलेल्या, म्हणजे उरलेला माल पुन्हा आत फिरवणाऱ्या, प्रक्रियेचं गणित मांडताना अभिक्रिया एका ओळीत संपते, पुढे पानभर समीकरणंच सोडवायची असतात. डिस्टिलेशन कॉलमला (उकळून द्रव वेगळे करणाऱ्या उंच स्तंभाला) किती टप्पे लागतील हे काढायला १९२५ सालची मॅकेब-थिएल पद्धत, आलेखावर पायऱ्या पाडत, आजही शिकवतात.

त्या लेखात स्केल-अपचा, म्हणजे प्रयोगशाळेतली प्रक्रिया कारखान्याच्या आकारात नेण्याचा, साधा उल्लेखही नाही, याचं जास्त वाईट वाटलं. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की आकारमान १००० पट होतं, पृष्ठभाग मात्र १०० पटच. फ्लास्कमध्ये निमूटपणे होणारी उष्मादायी अभिक्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते, कारण तयार होणारी उष्णता बाहेर काढायला तेवढा पृष्ठभागच पुरत नाही. असल्या प्रश्नांशी झुंजायला ज्यांना आवडतं त्यांनी ही शाखा जरूर घ्यावी. ज्यांना नवे रेणू घडवायचेत, त्यांना रसायनशास्त्राची पदवीच जास्त मानवेल.