‘स्वतःचंच रक्त, मग धोका कसला?’ : पीआरपीबद्दल खुलासा

‘पीआरपीचं इंजेक्शन एकदा घ्या, टकलावर केस उगवतात, रक्त आपलंच, त्यामुळे धोका शून्य,’ असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

पीआरपी म्हणजे ‘प्लेटलेट-रिच प्लाझ्मा’, प्लेटलेट्सनी (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींनी) भरलेला रक्तद्रव. यात आपलं रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात. लाल पेशी तळाला बसतात. वरच्या पिवळसर द्रवातला प्लेटलेट्सनी भरलेला भाग डोक्यात किंवा चेहऱ्यावर टोचतात. प्लेटलेट्समधली वाढीला चालना देणारी द्रव्यं केसांच्या मुळांना जागं करतात, पण मूळ जिवंत असेल तरच. पूर्ण गुळगुळीत झालेल्या टाळूवर फारशी आशा ठेवू नका. विरळ होत चाललेल्या केसांना फायदा दिसू शकतो, तोही साधारण महिन्याच्या अंतराने तीनेक वेळा घेतल्यावर, आणि तो टिकवायला पुढेही इंजेक्शनं लागतात.

आता धोका. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये 2018 मध्ये असे फेशियल करून घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाली. तपासात स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारी इंजेक्शनं सापडली, रक्ताच्या नळ्यांवर नावंच नव्हती! म्हणून नळीवर आपलं नाव आणि सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलेलं, एवढं बघाच. आणि जायचं ते त्वचारोगतज्ज्ञाकडेच.