लोणारचं सरोवर निर्जीव नाही

‘लोणारचं पाणी विषारी आहे, २०२०मध्ये ते रसायनांमुळे गुलाबी झालं, तिथे पशुपक्षी फिरकतही नाहीत,’ असा मजकूर सध्या पुढे पाठवला जातोय. तो चुकीचा आहे.

पाणी अतिशय खारट आणि अल्कधर्मी आहे, पिण्याजोगं नाही, एवढं खरं. पण त्यातच सूक्ष्म शैवालं, जिवाणू भरपूर वाढतात. जून २०२०मधला गुलाबी रंगही सजीवांचाच होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, तेव्हा त्यात खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले.

काठावर गोड्या पाण्याचे झरे आहेत, म्हणून सरोवर ज्या विवरात आहे, त्याच्या उतारावर दाट झाडी टिकून आहे. तिथे वानरांच्या टोळ्या, मोर, घोरपडी दिसतात, चिंकाराही आहे. काठाच्या चिखलात शेकाट्या चरतात, पाण्यावर टिबुकल्या, असे पाणपक्षीही आहेत. हिवाळ्यात स्थलांतरित बदकं येतात. पक्ष्यांच्या सुमारे १६० जातींची इथे नोंद आहे. हे अभयारण्य आहे आणि २०२०पासून रामसर पाणथळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ‘तिथे काहीच नाही’ असं पसरलं, की कचरा टाकणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.