गाता येणं आवश्यक, उभं राहता येणं अत्यावश्यक

संगीत नाटकासाठी माणसं हवीत, असं चार जणांच्या कानावर घातलं की सगळ्यात आधी तबलजी येतात. पाच येतात. तिघे आपापला तबला घेऊन येतात, चौथा हातोडीसुद्धा आणतो. अर्जुन मात्र एकही येत नाही. दुसऱ्या दिवशी सहा नारद येतात. नारदाला मोजकी पदं असतात, वीणा धरली की हातांचं काय करायचं हा प्रश्न मिटतो, आणि काम उरकून शेवटची बस पकडता येते. नारदांचा तुटवडा मराठी रंगभूमीला कधी पडणार नाही.

हा घोळ १८८० पर्यंत नव्हता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तेव्हा गाण्याचं खातं सूत्रधाराकडे होतं. पात्रांनी यायचं, सोंग वठवायचं आणि जायचं. गाणारा एक धड मिळाला की पात्रनिवड झाली! ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि ज्याचं पद त्यानंच गायचं, असा रिवाज पडला. रंगभूमीचं सोनं झालं. पण तेव्हापासून, राजासारखा दिसणारा, राजासारखा बोलणारा आणि वर गवयासारखा गाणारा असा एकच माणूस शोधायचं काम आमच्यासारख्यांच्या गळ्यात पडलं. असा माणूस सापडतो, नाही असं नाही. पण त्याला तारखा नसतात.

म्हणून तारखा आधी विचारायच्या. गाणं ऐकून प्रेमात पडल्यावर विचारल्या तर आपणच त्याच्या वतीनं सबबी शोधायला लागतो. प्रश्न तीनच. रात्रपाळी असते का? पुढचे पंचेचाळीस दिवस संध्याकाळी दोन तास येणार का? आणि, जरा संकोच होतो पण, लग्न ठरलंय का? राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी यांच्यामध्ये नायिकेचं खरोखरचं लग्न लागू शकतं. तिथे आपल्याला आमंत्रण असतं, पण जेवण घशाखाली उतरत नाही.

गायला येतात ते बहुतेक बैठकीचे गवई. मांडी घालून बसले की राजे. उभे केले की आपल्याला दोन हात आहेत हे त्यांच्या नव्यानं लक्षात येतं. बसून गाताना एक हात कानाशी असतो आणि दुसरा हवेत तानेचा नकाशा काढत असतो. तेच हात अंगरख्यात घालून उभे केले की शूर सेनापती अदृश्य पतंगाला ढील देतोय असं दिसतं. शिवाय बसून बसवलेला श्वास उभ्यानं पुरत नाही आणि चालताना तर मधेच तुटतो. म्हणून माझी पहिली परीक्षा गळ्याची नसतेच. “आता हेच पद म्हणत चार पावलं पुढे या, वळा आणि परत जा.” इथे भल्याभल्यांचं पाऊल समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, चिकटतं. प्रेयसीची समजूत घालायला निघालेला नायक त्रितालात कवायत करत तिच्यापर्यंत पोचतो आणि सम आल्याशिवाय थांबत नाही.

मोबाईल खाली ठेवायला सांगावं लागतं. “पाठ आहे हो, नुसता असावा म्हणून हातात.” ज्याचा असा नुसता असावा म्हणून असतो, त्याचा अंतरा मोबाईलमध्येच असतो.

मग गद्य नट येतात. वाणी खणखणीत, पल्लेदार वाक्य एका दमात. “गाण्याचं काय?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “तसा कान चांगला आहे.” कान चांगला आहे, याचा अर्थ दुसऱ्याचं चुकलेलं कळतं. शिवाय कराओकेवर तयार झालेली मंडळी असतात. गळा गोड, पण साथीनं आपल्यामागे यायचं असतं हे ठाऊक नसतं. हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी नक्षी, घेताना अर्धी मात्रा लांबली तर तबला थांबत नाही, सांभाळून घेतो, हे कळायलाच आठवडा जातो.

पण खरं सांगायचं तर, उत्तम गायक आणि उत्तम नट यांच्यातला कोण निवडू, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. मी फक्त मधली सहा सेकंदं बघतो. गद्याचं शेवटचं वाक्य संपून पदाचा पहिला सूर लागेपर्यंतची. संगीत नाटक पडतं ते तिथे पडतं.

वाक्य असं देतो: “महाराज, या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही!” आणि लगेच पद.

गवई काय करतो? रागावून वाक्य टाकतो. मग थांबतो. खाकरतो. ऑर्गनवाल्याकडे बघून मान हलवतो, सूर आला की डोळे मिटतो, ‘आ’ लावून पाहतो आणि षड्ज, म्हणजे सा, छान जुळला म्हणून गालात हसतो. झालं! महाराजांचा अपमान तिथेच माफ.

गद्य नटाची गोष्ट उलटी. तो खरोखर संतापतो. संतापला की बोलण्याची पट्टी आपोआप चढते, आणि त्याच चढलेल्या आवाजात तो पद उचलतो, ठरल्यापेक्षा दोन सूर वर. मुखडा निभावतो, धमाल येते. पण अंतऱ्यात तार षड्ज असतो, त्याच्याही वर गंधार असतो, आणि तिथे त्याचा आवाज फाटतो तो पार मागच्या रांगेला दिसतो.

यावर उपाय आहे आणि तो शिकवता येतो. ऑर्गनवाल्यानं शेवटच्या तीन-चार शब्दांखाली सूर हळूच धरून ठेवायचा. नटानं तिकडे न बघता तो ऐकायचा आणि ‘ठेवणार नाही’मधलं ‘नाही’ षड्जाच्या आसपास उतरवायचं. राग चेहऱ्यावर आणि श्वासात ठेवायचा, पट्टीत नाही. प्रत्येकाला हे तीनदा करायला लावतो. एकदा सूर भरून देऊन, एकदा नुसती पट्टी टेकवून, आणि एकदा काहीच न देता. तिसऱ्या वेळी कुणाचाच अचूक लागत नाही, पण किती चुकतो ते महत्त्वाचं. अर्ध्या सुरानं चुकला तर मुरलेला ऑर्गनवादक त्याच्या जागी सरकतो आणि प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. पाव सुरानं चुकला तर त्याच्यासाठी ऑर्गनवर पट्टीच नसते.

पट्टीचं, म्हणजे कोण कुठल्या सुराला सा धरतो त्याचं, दुखणं वेगळंच. वहीत नावाच्या आधी पट्टी लिहावी, फोन नंबर नंतर. पट्टीचं नाव ऑर्गनच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून पडतं. आपला नायक साधारण काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये. एकेकट्याच्या पदांना अडचण नाही, ऑर्गनवाला बदलून घेतो. युगुलगीत आलं की संसार मोडायची वेळ येते. त्याच्या पट्टीत गायचं तर ती खर्जात जाते आणि पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आईलाच ऐकू येते. तिच्या पट्टीत गायचं तर प्रेमाची कबुली देताना त्याचा चेहरा गव्हाचं पोतं उचलल्यासारखा होतो. शेवटी पांढरी चारवर मांडवली होते. तो चार पट्ट्या वर चढतो, ती तीन खाली उतरते, आणि दोघं सारखेच नाराज झाले की पट्टी बरोबर बसली असं समजायचं. हे सगळं निवडीच्या दिवशीच करून बघावं. जोडी दिसायला कितीही लक्ष्मीनारायणासारखी असली, तरी पट्ट्यांची पत्रिका जुळल्याशिवाय होकार देऊ नये.

माईक नव्हते तेव्हा पुरुषही चढ्या पट्टीत गात, कारण आवाज शेवटच्या बाकापर्यंत न्यायचा असे. आता माईक आहे म्हणून मंडळी कुजबुजतात. मी माईक बंद करून पंधराव्या रांगेत जाऊन बसतो. तिथून स्वर ऐकू येतात, पण शब्द येतात का? चंद्रातला ‘च’ आणि चांदण्यातला ‘च’ वेगळा, हे कितीतरी गोड गळ्यांच्या गावीही नसतं. त्यातून श्वास कुठे घेतात बघा. परीक्षेसाठी मी मुद्दाम एक ओळ रचून ठेवली आहे: ‘नको राज्य, हवा तू.’ चांगले शिकलेले लोकसुद्धा ‘नको राज्यहवा’ असं एका दमात म्हणतात, श्वास घेतात आणि मग ‘तू’ म्हणतात. मागच्या रांगेला वाटतं, राजकन्येला तिथलं हवामान मानवत नाही.

दुसरा सापळा विसरण्याचा. गद्य नट शब्द विसरला की थांबतो, निदान प्रॉम्प्टरला कळतं तरी. गायक विसरला की आलाप घेतो. प्रेक्षक टाळ्या देतात, त्याला चेव येतो, आणि मूळ शब्द आठवेपर्यंत प्रॉम्प्टर विंगेत पुस्तक हलवत उभा. म्हणून प्रत्येक गायकाला मधल्या ओळीपासून उचलायला सांगावं. ज्याला पहिल्यापासून म्हटल्याशिवाय तिसरी ओळ येत नाही, त्याच्या नावापुढे लाल खूण.

आता ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं ती परीक्षा, ऐकण्याची. नायिका चार मिनिटं गाते तेव्हा मंचावर ती एकटी नसते. समोर तिचा छळ करणारा मामा उभा असतो, आणि मामाची भूमिका करणाऱ्यालाही गाणं आवडत असतं. तो आधी डोळे वटारून उभा असतो. दुसऱ्या आवर्तनाला त्याच्या शेल्याखाली बोटं मात्रा मोजायला लागतात. अंतरा चढतो तशी मान डोलायला लागते. नायिका ‘तू माझा वैरी’ म्हणत तान घेऊन बरोबर समेवर येते आणि वैरी भान हरपून तिला दाद देतो. म्हणून मी गद्य नटाला उभा करतो, समोर चांगला गायक गायला लावतो आणि फक्त नटाच्या हातांकडे बघतो. चार मिनिटं ज्याला राग धरून ठेवता येतो तो खलनायक. बाकीच्यांना दरबारी करावं, दरबाऱ्यांनी डोललं तर शोभतं.

वयाचं गणित तर जुळतच नाही. आवाज पिकेपर्यंत केस पिकतात. सोळा वर्षांच्या अल्लड मुलीची पदं ज्या दाणेदारपणे हवीत, तशी ती गाणाऱ्या बाईंची मुलगी सोळाची असते. मेकअपमन चेहऱ्यावरची दहा वर्षं काढतो, गुडघ्यातली नाही काढता येत. तेव्हा नम्रपणे विचारावं, “ताई, खाली बसून, सूर न सोडता, हात न टेकता उठाल का?” जमलं तर वय सोळा. नाही जमलं तर दिग्दर्शकानं प्रवेशात एक झोपाळा घालावा. आपल्या संगीत नाटकांत इतके झोपाळे का दिसतात, याबद्दल माझा असा एक अंदाज आहे.

कृष्ण मिशी काढायला तयार नसतो, हे वेगळं सांगायला नको. विदूषक मात्र नाइलाजानं आलेला असतो आणि तोच सगळ्यात चांगलं काम करतो.

यादी पेन्सिलीनं करावी. ती जाहीर झाल्याच्या रात्री फोन सुरू होतात. सखी क्रमांक तीन विचारते, “सर, मला पद आहे का?” नाही. “अर्धं?” अर्धं नसतं. “बरं, एखादी दिंडी?” म्हणजे पदापेक्षा छोटं, ठरलेल्या चालीचं गाणं. तेही नाही. “निदान साकी तरी द्या हो, घरचे सगळे येणारेत.” साकी काय, दिंडीसारखीच, मिनिटभराची. दिली. ते ऐकून सखी क्रमांक दोनला दिंडी. नारदाला कळतं, त्याला आणखी एक पद लागतं. एकवीस पदांचं नाटक आठवड्याभरात पंचवीस पदांवर जातं आणि तीन तासांत बसेनासं होतं. मग एका संध्याकाळी संहिता मांडीवर घेऊन बसायचं आणि काटछाट करायची. पदाला हात लावायची कुणाची छाती नसते, तेव्हा कात्री लागते ती गद्याला. मामाची दोन पानं जातात. चार मिनिटं राग धरून उभा राहू शकणारा तो एकच होता. तो कागद शांतपणे वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि विचारतो, “मग मलाही एक साकी मिळेल का? तसा कान चांगला आहे.”